गल्लीच्या मोटरी आणि माझी गिरणी

गिरणी बंद ठेवा, हे मला सांगायला गल्ली माझ्या दारात आली तेव्हा मी चकलीची भाजणी दळत होते. घरघंटीच्या आवाजात मला आधी काही ऐकूच आलं नाही. दारात समोरच्या बंगल्यातले साहेब, त्यांच्यामागं चारपाच बापये आणि दोनतीन बायका, सगळ्यांची तोंडं हलतायत आणि आवाज मात्र फक्त माझ्या गिरणीचा. मी हातातलं दळण पूर्ण होऊ दिलं, मगच बटण बंद केलं. तोवर माझ्या नवऱ्याला घाम फुटला होता.

"वहिनी, संध्याकाळची गिरणी बंद ठेवा," साहेब म्हणाले. "तुमच्यामुळं डीपी उडतोय."

डीपी म्हणजे कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर. इस्लामपुरातली आमची गल्ली अख्खी त्याच्या जिवावर चालते. दिवाळी तोंडावर आली होती आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोपऱ्यावर फाट्कन आवाज होऊन सगळी गल्ली अंधारात जायची. कढईतले अनारसे कढईत, टीव्हीतली सासू टीव्हीत. मग वायरमनला फोन, मग त्याची वाट बघणं, आणि तो आला की प्रत्येकानं त्याला आपापलं मत सांगणं.

"संध्याकाळी मी दळतच न्हाई," मी म्हटलं. "माझी गिरणी दुपारी चालते."

"आवाज तर येतो."

"दुपारी येतो. तुम्ही दुपारी झोपता, म्हणून तुमच्या ध्यानात राहतो."

मागच्या बायकांपैकी कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते कुठल्याशा कचेरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनीच काढलेला, आणि खुर्ची गेली तरी हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती. त्यांनी सांगितलं की पुन्हा डीपी उडाला तर सगळे मिळून वीज कार्यालयात तक्रार करणार, घरगुती मीटरवर गिरणीचा धंदा चालतो म्हणून. एवढं बोलून मंडळी गेली.

ती गिरणी माझ्यासाठी काय होती ते सांगायला हवं. मी लग्न होऊन या गल्लीत आले ती आटपाडीच्या पलीकडच्या उघड्या माळावरून. बापाची मेंढरं होती. इकडं उसाचा आणि पाण्याचा मुलुख, त्यामुळं माझ्या बोलण्याला, चालण्याला, भाकरी थापण्याला गल्लीनं बरीच वर्षं हसून घेतलं. "दुष्काळाकडची" हे माझं नावच पडल्यासारखं होतं. नवरा साखर कारखान्यात वजनकाट्यावर, माणूस गरीब स्वभावाचा, पण साडी घ्यायची तरी मला त्याच्या तोंडाकडं बघावं लागायचं. घरघंटी आली आणि ते बघणं संपलं. ज्या बायका माझ्या भाकरीला हसायच्या त्या डबे घेऊन माझ्या ओसरीवर रांगेत बसू लागल्या. ज्वारी, बाजरी, नाचणी, दिवाळीत भाजणी. "वहिनी, जरा बारीक काढा हं." ते "हं" ऐकायला मला किती बरं वाटायचं ते मीच जाणे. गिरणी गेली असती तर मी पुन्हा दुष्काळाकडची झाले असते, आणि ते मला मुळीच व्हायचं नव्हतं.

वायरमनला मी कोपऱ्यावर गाठून विचारलं. तो म्हणाला, "एवढ्याशा घरघंटीला कोण काय म्हणत न्हाई, वहिनी. पण तक्रार आली की चौकशी लागती. आन चौकशी संपंपतूर बंद ठिवा म्हणतील."

म्हणजे दिवाळी हातची गेलीच, आणि एकदा बंद पडलेली गिरणी पुन्हा चालू होऊ देईल अशी आमची गल्ली नव्हती.

या भानगडीच्या थोडं आधी घरोघरी नवे मीटर बसले होते. रीडिंग घ्यायला माणूस येत नाही, मीटर स्वतःच कळवतो. कुठल्या तासाला किती वीज ओढली त्याच्या उभ्या पट्ट्या मोबाईलवर दिसतात. दिवसा सूर्याची वीज भरपूर असते म्हणून दर कमी, संध्याकाळी सगळा मुलुख एकदम दिवे, शेगड्या, पंखे लावतो म्हणून दर जास्त. शिवाय मेसेज येतात, संध्याकाळचा वापर कमी करा, जड यंत्रं दुपारी चालवा. मला हे पटलं होतं. त्यात न पटण्यासारखं काय आहे? मी सकाळची आणि संध्याकाळची दळणं बंद करून सगळी दुपारवर घेतली ती तेव्हापासून. मला कुणी सांगायला आलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या काकींना मात्र या मेसेजांनी वैताग आणला होता. त्या जैन. त्यांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, भांडीसुद्धा पालथी पडतात. संध्याकाळी त्यांच्या घरात एक दिवा आणि एक पंखा, तोही उन्हाळ्यात. तरी त्यांना मेसेज यायचा, संध्याकाळचा वापर आणखी कमी करा. "आता काय कमी करू गं?" त्या मला विचारायच्या. "देवाचा दिवा तर तेलाचा हाय."

तर या पट्ट्यांचा साहेबांना नाद लागला. डीपी उडायला लागल्यावर त्यांनी ग्रुपवर फर्मान काढलं की प्रत्येकानं आपल्या दिवसभराच्या पट्ट्यांचा फोटो टाकावा, म्हणजे दोषी कोण ते कळेल. लोकांनी टाकलेही. मग सुरू झालं. अमक्याकडं पहाटे चारला गिझर कसा चालू, तमक्याकडं सुनबाई उठत नाहीत का, पट्टी तर नवाला सुरू होते. एका घरी दुपारी एसी चालतो हे त्या घरच्या म्हाताऱ्या सासऱ्याला ग्रुपवरूनच कळलं. लोक हसत होते, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या घराच्या भिंती पारदर्शक झाल्यासारखा आत डोकावत होता.

मी फोटो टाकला नाही.

"टाक की," नवरा म्हणाला. "अगं, खरं तुझ्याच बाजूचं हाय. सहाला तुझी पट्टी एवढीशीबी न्हाई. दाखव आन मोकळी हो."

"का दाखवू?"

"उगं हट्ट करून तरास वढवून घेऊ नगंस. तक्रार गेली मजी?"

"जाऊ दे. माझ्या घरात पाणी कधी तापतं आणि मी कधी उठते हे गल्लीला कशाला पायजे? आणि खरं बोलणाऱ्यानंच झडती द्यायची, हा कुठला न्याय?"

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मला राग त्याचा नव्हता. राग याचा होता की आवाज करते ती माझी गिरणी, म्हणून गुन्हेगार मी. घरोघरचे गिझर आवाज करत नाहीत. इंडक्शनच्या शेगड्या आवाज करत नाहीत. ज्याचा आवाज नाही त्याला कुणी काही विचारत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आणि एक साधी गोष्ट कुणी बघतच नव्हतं. माझी गिरणी रोज चालायची, डीपी मात्र एक दिवसाआड उडायचा. गल्लीत एक दिवसाआड आणखी काय होतं? नळाला पाणी येतं. संध्याकाळी, सहाला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी सहाच्या आधी मी ओसरीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. आमच्याकडं नळाला पाणी आलं की लोक नळाच्या पाइपालाच छोटी मोटर जोडतात आणि पाणी ओढून घेतात. असं करायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शेजाऱ्यानं लावली की आपल्याकडचं पाणी गळपटतं, म्हणून आपणही लावायची. आपण लावली की पलीकडचा लावतो. आमच्याकडंही होती, मी काही देवळातून आलेली नाही. नळात आधी फुसफुस झाली. लगेच गल्लीच्या वरच्या टोकाला एक मोटर गुणगुणली, मग तिच्या शेजारची, मग समोरची, आणि बघता बघता सगळी गल्ली घुमायला लागली. आत शेगड्या चालू, गिझर चालू, दिवाळीच्या माळा चालू. कोपऱ्यावर फाट्! अंधार.

आणि त्या अंधारात मी ऐकलं. काकींच्या अंगणातला नळ धो धो वाहत होता. माझाही. पलीकडचाही. मोटरी बंद पडल्या होत्या आणि पाणी आपसूक, सारखं, सगळ्यांकडं येत होतं. लोक मात्र दारात उभं राहून वायरमनला फोन लावत होते, आणि त्यांच्या पाठीमागं त्यांच्याच बादल्या भरून वाहत होत्या.

मला हसू आलं, आणि माझा बाप आठवला. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन फिरताना एखाद्या डोहावर तीनचार कळप एकदम पोचायचे. तहानलेली मेंढरं पाणी दिसलं की धावतात. सगळी एकदम घुसली तर डोहाचा चिखल होतो आणि कुणालाच पाणी मिळत नाही. म्हणून एक कळप पाण्यात, बाकीचे लांब माळावर बसवायचे. आणि आधी जो पोचला तो आधी, असंही नाही. ज्या कळपात व्यालेल्या मेंढ्या असतील तो आधी. बाकीचे धनगर काठीवर हनुवटी टेकून उभे. भांडण मी कधी बघितलं नाही. ज्या मुलखात पाणी नाही तिथल्या माणसांना हे कळतं, आणि ज्यांच्या उशाशी कृष्णा वाहते त्यांना कळत नाही! मग दुष्काळाकडची कोण, ते मला कुणीतरी सांगावं.

दुसऱ्या दिवशी साहेब तक्रारीच्या कागदावर सह्या घेत फिरले. काकींनी सही केली नाही. "माझा चष्मा सापडत न्हाई," म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

त्याच्या पुढचा दिवस पाण्याचा. साडेपाचलाच मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि सगळ्यांना हाका मारल्या. नवरा दारातून म्हणत होता, "अगं आत ये, आत ये." मी काही आत गेले नाही. लोक जमले तसं मी म्हटलं, "आज कुणी मोटर लावायची न्हाई. सगळ्यांनी मोटरी सोडून आणायच्या आणि माझ्या कट्ट्यावर ठेवायच्या. पाणी संपेपर्यंत तिथं ऱ्हातील. आणि मी माझी गिरणी चालू करते, आता, सहाला. तरी आज डीपी उडाला, तर उद्या ही गिरणी टेम्पोत घालून मी स्वतः माहेरी पाठवते. तक्रारीची गरज न्हाई."

मग एकजण म्हणाला, "आन पाणी न्हाई आलं तर?"

"तरी गिरणी पाठवते."

चेहरा मी बापाचा ठेवला होता, काठीवर हनुवटी टेकलेला.

सगळ्यात आधी काकी आल्या. जेवण उरकून, हात पुसून, पदरात धरल्यासारखी आपली मोटर दोन्ही हातांनी धरून. "आमचं सगळं दिवस असतानाच झालंय," म्हणाल्या. "डीपी उडला तर उडू दे." त्यांनी मोटर कट्ट्यावर ठेवली आणि शेजारी बसून राहिल्या. मग माझ्या नवऱ्यानं आमची आणून ठेवली, माझ्याकडं न बघता. मग एकेकजण यायला लागला. दिवाळीची गंमत म्हणून काही, गिरणी जाते का बघू म्हणून काही. पाइप लोंबणाऱ्या त्या मोटरींची कट्ट्यावर रांग लागली.

"साहेब, तुमची?" मी विचारलं.

"माझी फिटिंगची आहे, वहिनी. जमिनीत बसवलेली, ती निघत नाही," साहेब म्हणाले. "मी बटण बंद ठेवतो. माझ्या शब्दावर विश्वास नाही का तुमचा?"

अधिकाऱ्याच्या शब्दावर रस्त्यात उभं राहून अविश्वास कोण दाखवणार? मीही नाही दाखवला. आत गेले, ज्वारी टाकली आणि गिरणी चालू केली.

पाणी आलं. दारं उघडी होती, प्रत्येकजण आपल्या नळाशी. चांगली धार होती. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत बायका एकमेकींना ओरडून सांगत होत्या, "माझ्याकडं आलं, तुझ्याकडं?" शेगड्या चालू, माळा चालू, माझी गिरणी चालू, आणि डीपी गप्प. मी दाराशी उभी राहून कोपऱ्याकडं बघत होते.

आणि मग धार बारीक व्हायला लागली.

आधी काकींच्या नळाची, मग माझ्या, मग पलीकडची. करंगळीएवढी, मग सुतळीएवढी. "बघा!" कुणीतरी म्हणालं. "मोटरीबिगर पाणी येत न्हाई, मी आधीच म्हणत होतो." दोनतीन माणसं कट्ट्याकडं निघाली. एकानं आपल्या मोटरीला हातही घातला. त्यानं ती उचलली असती तर बाकीचे थांबले नसते, आणि सगळ्या मोटरी एकदम लागल्यावर काय होतं ते मला माहीत होतं. माझी गिरणी माझ्यासमोर टेम्पोत चढताना मला दिसली.

का कुणास ठाऊक, मी आत धावले आणि गिरणी बंद केली.

घरघंटी बंद झाली की तिचं पातं थोडा वेळ फिरत राहतं. मग तेही थांबलं. इतका वेळ त्या आवाजाखाली असलेली शांतता गल्लीत पसरली, आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. समोरच्या बंगल्याच्या फाटकाजवळ, जमिनीखालून, एक बारीक, गोड, सारखी गुणगुण.

मोटर उचलायला गेलेल्या माणसानं हात मागं घेतला. साहेब फाटकात उभे होते, अगदी ताठ.

काकी कट्ट्यावरूनच म्हणाल्या, "साहेब, मोटर चुकून चालू राहिली वाटतं." त्यांचा आवाज असा, की जणू गॅसवर दूध राहिल्याची आठवण करून देतायत.

साहेब आत गेले. गुणगुण थांबली. आणि सगळ्या गल्लीत एकदम नळांना जोर आला.

माझी जीभ काकींसारखी मऊ नाही. मी रस्त्यात येऊन मोठ्यानं विचारलं, "आता कुणाचा मोबाईल बघायचा?" नवऱ्यानं मला दंडाला धरून आत नेलं, पण तो हसत होता. बऱ्याच दिवसांनी तसा हसला.

त्या दिवशी डीपी उडाला नाही. पाणी थांबल्यावर खालच्या हौदातून गच्चीवरच्या टाक्या भरायला मोटरी लागणारच होत्या, तेव्हा मी पुन्हा कट्ट्यावर उभी राहिले. ज्या घरात बाळंतीण होती त्यांना आधी दिली. मग जिथं म्हातारं माणूस अंथरुणावर होतं त्यांना. दोघांचं झालं की पुढचे दोघं. बाकीचे कट्ट्यावर गप्पा मारत बसले. कुणी कुणाशी भांडलं नाही. वायरमन रस्त्यानं चालला होता, त्यानं सायकल थांबवून ही रांग बघितली आणि विचारलं, "काय वहिनी, मोटरींची जत्रा भरवली काय?" मी म्हटलं, "मेंढरं पाण्यावर लावलीत."

तक्रारीचा कागद कुठं गेला ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी साहेबांच्या घरून भाजणीचा डबा आला. त्यांच्या मंडळी स्वतः घेऊन आल्या होत्या, ओसरीवर उभ्या राहून पदर सारखा करत होत्या. मी भाजणी बारीक दळून दिली. भाजणीशी माझं वैर नव्हतं.

अजूनही एक दिवसाआड साडेपाचला मोटरी माझ्या कट्ट्यावर येतात. काही लोक कंटाळा करतात, मग मी हाक मारते, मग येतात. मोबाईलवर मेसेज येतो, तुमच्या भागातला संध्याकाळचा भार घटला आहे, धन्यवाद. ते धन्यवाद कुणाला, ते मेसेजात लिहिलेलं नसतं. माझ्या पट्ट्या मी आजतागायत कुणाला दाखवलेल्या नाहीत.

साहेबांची मोटर मात्र अजून आली नाही. फिटिंगची आहे, जमिनीत बसवलेली. कट्ट्यावर काकींच्या मोटरीशेजारी तिच्यापुरती जागा मी मोकळी ठेवते. तिथं कुणाला डबासुद्धा ठेवू देत नाही.

आणि सणासुदीला दळण साठून संध्याकाळवर गेलं, कुणी कितीही घाईत असलं, तरी पाण्याच्या दिवशी सहाला माझी गिरणी बंद असते. गल्लीला वाटतं, वहिनींनी शेवटी आमचं ऐकलं. वाटू दे. मी ती बंद ठेवते, कारण मला समोरच्या फाटकातलं ऐकायचं असतं.